वैकुंठरथांची शर्यत

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मटार सोलले.

मुलीच्या घराची पुढची पायरी होती. हाउन्सलोत विमानं इतकी खालून जातात की बोलणं मधेच थांबवावं लागतं. शेजारच्या मॉरीनबाईनं आपल्या वाफ्यातल्या शेंगा पिशवीभर दिल्या होत्या. तिथं कौन्सिल लोकांना भाजी लावायला जमिनीचे तुकडे देते, तसला तिचा एक तुकडा. ही सोलत होती, मी सोलता सोलता खात होतो आणि ही माझ्या हातावर चापट मारत होती. पलीकडच्या दारात मॉरीनचा मुलगा केव्हिन एक लांबलचक काळी गाडी मोकळी करत बसला होता. पन्नाशीचा गडी, लग्न नाही, आईजवळ राहतो. त्यानं गाडीच्या मागच्या भागातून लोखंडी रूळ काढले आणि गवतावर टाकले.

"कशाला असतात हो ते?" हिनं विचारलं.

मी कराडला सगळा जन्म गाड्यांचे पोचे काढण्यात घालवला. कुठली गाडी कशाची, हे मला कुणी सांगावं लागत नाही. म्हटलं, पेटी आत सरकवायला. मयताची गाडी आहे ती.

हिला ती वऱ्हाडाची गाडी वाटली होती. हसली. म्हणाली, "म्हणजे आपला वैकुंठरथच की. मग हा काय करणार त्याचं?"

शर्यतीत पळवणार आणि फोडणार, मी सांगितलं. आदल्या दिवशीच केव्हिननं मला हातवारे करून समजावलं होतं. हिला ते फार आवडलं. पदराला हात पुसले, कमरेचा मोबाईल काढला, माझ्या खांद्याला खांदा लावून बसली आणि मोबाईल समोर धरला. "इकडं बघा." आमचा फोटो निघाला, मागं ती गाडी. मग उठून कुंपणाशी गेली. केव्हिनला मोबाईल दाखवला, गाडी दाखवली, हात गोल गोल फिरवला आणि आपल्या छातीवर ठेवला. तू पळवशील तेव्हा मी येऊन फोटो काढीन.

"प्रॉमिस?" तो म्हणाला.

"प्रॉमिस," ही म्हणाली. तेवढा शब्द येत होता तिला.

संध्याकाळी मटारभात झाला. सकाळी ही उठली नाही.

हाउन्सलो

लोक विचारतात लंडन कसं आहे. राजाचा वाडा, ते मोठं घड्याळ, ते उंच चाक, यातलं मी काही पाहिलं नाही. मयताच्या गाड्या एकमेकींवर आपटताना पाहिल्या, तेवढं सांगतो. सातवी शिकलेला माणूस आहे, चुकलं तर वाचणाऱ्यानं सुधारून घ्यावं.

तिथं माणूस गेलं की त्याच दिवशी उचलत नाहीत. आधी कागद होतात, मग जाळायची वेळ मिळेपर्यंत थांबायचं. तोवर ही कुठंतरी थंडीत. हिला पंखासुद्धा सोसायचा नाही.

आमच्या खिडकीसमोरच ती काळी गाडी होती. आम्हाला बघवणार नाही म्हणून केव्हिननं तिच्यावर निळी ताडपत्री टाकली. मनानं चांगला माणूस, पण ताडपत्रीखाली तो आकार जास्तच कळायचा. वारा आला की ताडपत्री आत ओढली जायची आणि हळूच परत फुगायची, झोपलेल्या माणसाच्या पोटासारखी. मी खुर्ची घेऊन तेच बघत बसायचो. सुजाता, म्हणजे माझी मुलगी, येऊन पडदा ओढायची. ती गेली की मी परत उघडायचो.

हिला न्यायला आली ती गाडी वेगळी, चकाचक. उंच काळी टोपी घातलेला एक माणूस गाडीच्या पुढं पायी चालत होता, हळू, मागं न बघता. गल्लीच्या टोकापर्यंत चालला आणि मग गाडीत बसला. कुणी रडत नव्हतं, कुणी हाक मारत नव्हतं. आपल्याकडं एवढ्या शांततेत चोरसुद्धा जात नाहीत. मॉरीन दारात उभी होती. हिची आणि तिची मैत्री होती. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि कुंपणाला टेकून तासभर बोलायच्या. ही मराठीत, ती इंग्रजीत. काय बोलता गं, मी विचारलं तर ही म्हणायची, तुम्हाला काय करायचंय.

दहावा कुठल्या दिवसापासून धरायचा यावरून गुरुजींचा आणि जावयाचा घोळ झाला. गेली त्या दिवसापासून, की अग्नी दिला त्या दिवसापासून? प्रशांतरावांनी पुण्याला फोन लावला, गुरुजींनी नाशिकला. शेवटी एका तारखेवर दोघं कबूल झाले. नदीकाठी पिंड मांडला. कावळा आला. तिथला कावळा सगळाच काळा असतो, आपल्या डोमकावळ्यासारखा, आपल्या घरकावळ्याची राखी मान त्याला नाही. कठड्यावर बसला आणि बघत राहिला.

शिवेना. ज्यांना या चालीची माहिती नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कावळा पिंडाला शिवला नाही तर गेलेल्याची काही इच्छा राहिली असं आपण धरतो. मग एकेकानं पुढं होऊन वचन द्यायचं. सुजाता म्हणाली, आई, मी आबांना बघेन. कावळा हलला नाही. प्रशांतराव म्हणाले, आई, कर्ज फेडून घर नावावर करतो. तोही हलला नाही. गुरुजी मला म्हणाले, आता तुम्ही बोला. मला काही सुचेना. हिला काय हवंय हे हिनं कधी सांगितलं? मागायची सवयच नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि झालं म्हणाले. खरा कावळा कठड्यावरून ते सगळं बघत होता.

झालं कसलं. दर्भाच्या कावळ्यानं माझं समाधान झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी मागच्या कुंपणावर ताटलीत भात ठेवायला लागलो. खारी खायच्या. कबुतरं खायची. एकदा दिवसाढवळ्या कोल्हा आला, कुत्र्यासारखा, आणि चाटून गेला. कावळा समोरच्या धुराड्यावर बसून बघायचा. दुसऱ्या बाजूच्या घरातली बाई म्हणाली, उंदीर येतील. सुजाता म्हणाली, "आबा, ती कौन्सिलला कम्प्लेंट करेल हां."

तिकीट एकदा पुढं ढकलून झालं होतं. व्हिसा संपत आला होता. कृष्णेत सोडायच्या अस्थी कपाटात होत्या. मी सांगून टाकलं, कावळा शिवल्याशिवाय मी जाणार नाही. हिला इथं परक्या मुलखात अडकवून मी एकटा विमानात बसू? सुजाता रडली. प्रशांतराव समजूतदार माणूस, पण त्यांचाही आवाज चढला. "आबा, इट डझंट वर्क लाइक दॅट. व्हिसावाल्यांना कावळा काय सांगू मी?"

मी म्हटलं, ते तुमचं तुम्ही बघा.

शब्द

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मॉरीन कुंपणाशी आली. वय माझ्याएवढंच असेल, पांढरे आखूड केस, पायात कायम चिखलाचे बूट. ती सगळ्यांना 'लव्ह' म्हणते, पोस्टमनला, मांजराला. पहिल्यांदा मला म्हणाली होती तेव्हा हिनं डोळे वटारले होते, तिच्याकडं नाही, माझ्याकडं.

मॉरीननं सुजाताला काहीतरी सांगितलं आणि सुजाता खाली बसून रडायला लागली. काय झालं, मी विचारलं. तेव्हा कळलं. रविवारी केव्हिनची शर्यत होती. तो जाणार नव्हता, आम्हाला वाईट वाटेल म्हणून. पण मॉरीनचं म्हणणं, शालन, म्हणजे आमची ही, येते म्हणाली होती. फोटो काढते म्हणाली होती. तिनं शब्द दिला होता.

नदीवर आम्ही कर्ज बोललो, घर बोललो, मला सांभाळायचं बोललो. हे कुणी बोललंच नाही.

म्हटलं, मी येतो. हिचा मोबाईल घेऊन येतो.

केव्हिनला बरं वाटलं. मग त्यानं बूट घासत आणखी एक विचारलं. त्यांच्यात चाल आहे, कुणी गेलेलं असलं की त्याचं नाव गाडीवर रंगवतात. हिचं घालू का? सुजाता भडकली. "आबा, आईचं नाव? त्या गाडीवर? आणि ते फोडणार?"

"तुझी आई शब्द देऊन गेलीय," मी म्हटलं. "ब्रश आण."

ट्रकच्या फाळक्यांवर मी आयुष्यभर नावं लिहिली, कुणाच्या आईची, कुणाच्या कुलदैवताची. काळ्या दारावर पांढरं अक्षर उठून दिसतं. दोन्ही बाजूंना लिहिलं, शालन. मॉरीन शेजारी उभी राहून बघत होती. तिनं विचारलं यातलं 'श' कुठलं. मी बोट दाखवलं. तिनं ओल्या रंगाच्या अगदी जवळून, न लावता, हवेत ते अक्षर गिरवलं.

रस्ता

रविवारी केव्हिनच्या व्हॅनमध्ये पुढं आम्ही तिघं, केव्हिन, मधे मॉरीन, खिडकीशी मी. मागं ट्रेलरवर ती गाडी. सुजातानं दहीभाताचा डबा दिला होता, वर लिंबाचं लोणचं. प्रवासाला निघालं की दहीभात, हा हिचा नेम. तोच सुजाता पाळते. मी कधी विरोध केला नाही, भात आंबेपर्यंत खात आलो.

इल्फर्डच्या पलीकडं, एसेक्सच्या बाजूला मैदान होतं. मोठ्या रस्त्यावर शेजारच्या गाड्यांतली माणसं वळून बघायची. एका सिग्नलला थांबलो तर फुटपाथवर एक म्हातारा. त्यानं गाडीचा आकार पाहिला आणि डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली. मॉरीननं त्याला मान लववून उत्तर दिलं, घरचं माणूस देतं तसं. मग त्याला दारावरचा मोठा पिवळा आकडा दिसला असणार, काढलेल्या काचा दिसल्या असणार. तरी त्यानं टोपी परत घातली नाही. आम्ही वळेपर्यंत आरशात दिसत होता, तसाच उभा.

केव्हिन शीळ घालत होता. ती थांबली.

मैदान

मैदान म्हणजे आपल्याकडं कुस्त्यांचं असतं तेवढंच, फार मोठं नाही. गोल रस्ता, त्यावर बारीक मुरूम, पाणी मारून ओला केलेला. भोवती लोखंडी दोरांचं कुंपण. पेट्रोल, जळकं रबर आणि तळलेला कांदा यांचा एकच वास. माणसं कुटुंबाला घेऊन आलेली. एका बाईच्या मांडीवर तान्हं बाळ, त्याच्या कानांवर मोठाले आवाजबंद डबे. मॉरीननं मला कानात घालायला स्पंजाचे बोळे दिले. बटाट्याच्या तळलेल्या फोडी दिल्या, त्यावर आंबट शिरका ओतलेला. भजी विहिरीत पडल्यासारखी चव. खाल्ल्या, नावं ठेवली नाहीत.

आधी खऱ्या स्टॉक कार पळाल्या. पुढं-मागं लोखंडी बंपर लावलेल्या बुटक्या गाड्या. पुढच्याला धक्का मारून बाजूला करायचं, हाच नियम, त्यासाठीच बंपर. त्यांची एक रीत मला आवडली. गाडीच्या टपाच्या रंगावरून चालवणाऱ्याची लायकी कळते, आणि जो सगळ्यात चांगला, त्याला सगळ्यात मागं उभं करतात. शिकाऊ पुढं. आपल्याकडं असं केलं तर दंगा होईल.

धक्का बसला की माझ्या हातांना कळायचं. कुठं पत्रा वळला, कुठं चासी वाकली, आवाजावरून. एवढं लोखंड एकट्यानं सरळ करायला माझा जन्म गेला आणि हे लोक तिकीट काढून ते वाकवतात. पण पोरं खूश होती. मी म्हटलं, असेल.

मॉरीननं तीन घडीच्या खुर्च्या आणल्या होत्या. एकीवर ती, मधली मोकळी, तिसरीवर मी. मी मधल्या खुर्चीत बसायला गेलो तर तिनं हात धरला. ती तिच्या नवऱ्याची, रॉनची. तोही गाड्या पळवायचा. मेला तो घरात, आजारानं. मग तिनं समोरच्या वळणाकडं बोट दाखवलं. त्याची राख तिथं टाकली, मुरमात. दर रविवारी गाड्या त्याच्यावरून जातात.

माझ्या गॅरेजच्या इंग्रजीत मी खात्री करून घेतली. ऑन रोड? राख? ती म्हणाली, हो लव्ह, तिथंच, त्याला तेच वळण आवडायचं.

आपण नदीत सोडतो, वाहून जावं म्हणून. यांनी चाकाखाली ठेवला, जाऊ नये म्हणून. ओला मुरूम उडून कुंपणाच्या बाहेर यायचा, लोकांच्या कपड्यांवर, चहाच्या पेल्यात. मी माझ्या पेल्यावर हात धरला. मॉरीननं नाही धरला.

डबा कुठं ठेवायचा, माझ्या मांडीवर मोबाईल होता. मॉरीन म्हणाली ठेव मधल्या खुर्चीत, रॉन काही म्हणायचा नाही. मी झाकण काढून डबा तिथं ठेवला. मग खायची वेळच आली नाही, कारण मैदानात एकदम आवाज बंद झाला.

मयताच्या गाड्या येत होत्या.

एकामागं एक, हळू. पहिली फेरी अशी सावकाशच करतात, म्हणाले. पण मला तो टोपीवाला माणूस आठवला. सगळ्यांचे दिवे लावलेले. काही जांभळ्या, काही नारिंगी रंगवलेल्या, पण आकार तोच. मागच्या काचा काढलेल्या, त्यामुळं आरपार दिसायचं. एकीच्याही आत काही नव्हतं, आणि माझं लक्ष प्रत्येकीच्या आतच जात होतं. लोक उभे राहिले, चिप्स हातात. कुणी हसत नव्हतं. मग आमची आली. काळीच ठेवली होती केव्हिननं. दारावर शालन. त्या मैदानात ते वाचणारा मी एकटा होतो.

हिरवं निशाण पडलं आणि जे सुरू झालं ते लिहिता येत नाही. कान बंद असून पोटात ऐकू येत होतं. लांब गाड्या वळताना शेपटी फेकतात, ती दुसरीला लागते, दुसरी तिसरीला. मी उठून कुंपणाशी गेलो. पहिल्याच फेरीत मुरमाचा लपका थेट माझ्या चष्म्यावर बसला. उपरण्यानं पुसला तर आणखी फासला गेला. त्यात ऊन समोरून. मोबाईलच्या काचेत मला काही दिसेना. पण बाजूचं बटण दाबलं की फोटो निघतो, एवढं हिनं मला शिकवलं होतं. मागं येऊन खुर्चीत बसलो, मोबाईल मैदानाकडं धरला आणि पांढरं अक्षर समोरून गेलं की बटण दाबायचं, एवढंच ठरवलं. शालन गेली, दाबलं. परत आली, दाबलं. प्रत्येक फेरीला दार आणखी चेपलेलं.

मग रॉनच्या वळणावर एक जांभळी गाडी केव्हिनच्या बरोब्बर दारात शिरली.

असा आवाज मी गॅरेजमध्ये कधी ऐकला नाही, तिथं तो होऊन गेलेला असतो. आमची गाडी आडवी सरकत कुंपणाला जाऊन टेकली. मागून आणखी एक आदळली. लाल निशाणं फडकली, सगळं थांबलं. आतलं माणूस हलत नव्हतं.

सगळे पुढं वाकून उभे. मी खुर्चीतच. मी बटण दाबत राहिलो. भीतीनं माणूस काहीही करतो. दुसऱ्या बाईचा मुलगा आत मेला असला तर काय तोंड दाखवू. त्यानं जायचं नाही ठरवलं होतं. आमच्या शब्दासाठी गेला. मॉरीनकडं बघायचं धाडस मला झालं नाही. मी समोर धरलेला मोबाईल तसाच धरून दाबत राहिलो.

मग खिडकीच्या भोकातून हात बाहेर आला, अंगठा वर करून. लोक ओरडले. मी मान वळवली तेव्हा मॉरीन शांत बसली होती, हात मांडीवर. तिचे डोळे ओले होते, पण घाबरलेली बाई अशी दिसत नाही.

डबा रिकामा होता. लोणच्याची फोड तेवढी राहिली होती. मला वाटलं म्हातारीनं खाल्लं, भूक लागली असेल, काळजीनं लागते काहींना. मी काही विचारलं नाही. खाण्याचं विचारू नये.

केव्हिन आला तो ओठ फुटलेला आणि हसत. त्यानं मला मिठी मारली, माझी टोपी पडली. फोटो काढले का? म्हटलं, पुष्कळ.

संध्याकाळ

घरी आलो तेव्हा उजेड होता, तिथं उन्हाळ्यात तो जातच नाही. सुजातानं चहा टाकला आणि मोबाईल मागितला. बघायला लागली. पहिल्यांदा हसली.

"आबा, हे काय केलंत? सगळे सेल्फी काढलेत तुम्ही. एकात गाडी नाही."

हिनं पायरीवर आमचा फोटो काढला तेव्हा कॅमेरा आपल्याकडं फिरवला होता. त्यानंतर कुणी तो उघडलाच नव्हता. मी दिवसभर मैदानावर धरून माझंच तोंड टिपत होतो. चिखलाचा चष्मा, उघडं तोंड, अर्धी टोपी. मला वाटलं, गेलं. आता काय दाखवू केव्हिनला, आणि काय तोंडानं परत भात मांडू.

मग सुजाता हसायची थांबली. बोटानं फोटो मोठा केला. "प्रशांत, इकडं ये जरा."

त्यांनी मला चष्मा धुऊन दिला. मी बघितलं. कडेला मी. मागं सगळी माणसं उभी, सगळ्यांचे चेहरे मैदानाकडं, तोंडं उघडी. म्हणजे तो धक्का बसल्यानंतरचा फोटो. मधल्या खुर्चीत, डब्याच्या काठावर, कावळा. चोच भातात. पुढच्या फोटोत मान वर, चोचीला भाताचं शीत. त्याच्या पुढच्यातही तोच. मी बटण दाबत गेलो तोवर तो जेवत होता, माझ्या कोपराएवढ्या अंतरावर, आणि मला चाहूल नाही.

आणि मॉरीन. तिचा मुलगा त्या वळणावर हलत नव्हता, सगळं मैदान तिकडं बघत होतं. मॉरीन बघत होती खुर्चीकडं. एकात नाही, सगळ्या फोटोंत.

"मान बघ त्याची," मी म्हटलं.

राखी होती. आपल्या कावळ्यासारखी.

प्रशांतरावांनी स्वतःच्या फोनवर शोधलं. म्हणाले, ही जात वेगळी आबा, आकारानं लहान, इथं असतात पुष्कळ. मैदानावर चिप्स खायला येतात. मी म्हटलं, असेल. त्यांनी फोन खाली ठेवला आणि परत तो फोटो बघायला लागले. चहा उतू गेला तेव्हा सुजाता उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी

भात लावला, पण कुंपणावर ठेवला नाही. मीच खाल्ला, मेतकूट घालून. समोरच्या धुराड्यावर तो रोजचा सगळाच काळा कावळा बसला होता. थोडा वेळ वाट बघून उडून गेला.

मॉरीन वाफ्याकडं निघाली होती. मी सुजाताला हाक मारून बाहेर आणलं, मोबाईल उघडून फोटो दाखवला आणि विचारायला लावलं, तुम्ही हे बघत होतात, मला का सांगितलं नाही?

मॉरीननं मोबाईल हातात घेतला नाही. तिला गरज नव्हती. सुजाताला तिनं दोनच वाक्यं सांगितली आणि सुजातानं ती मला मराठीत सांगितली.

"जेवत होती ती. जेवताना कुणाला उठवतात का?"

मग बूट आपटत वाफ्याकडं गेली.

शब्द मात्र राहिला होता. फोटो गाडीचा द्यायचा होता, माझ्या तोंडाचा नाही. म्हटलं, सुजे, कॅमेरा फिरव. तिनं फिरवून दिला. केव्हिनच्या दारात ट्रेलरवर गाडी होती, उजवं दार पार आत गेलेलं. पत्रा दुमडून 'श'च्या पोटात 'न' शिरला होता. केव्हिननं मला हातोडी पुढं केली, त्याला माझा धंदा माहीत होता. मी हातानं पोचा चाचपला. निघाला असता. मी हातोडी परत दिली.

त्याला गाडीजवळ उभं केलं, उन्हाकडं पाठ नको म्हणून थोडं सरकवलं आणि फोटो काढला. काचेत बघून खात्री केली. गाडी होती, केव्हिन होता, दार होतं.

तो म्हणाला, द्या इकडं, तुमचाही एक काढतो.

म्हटलं, माझे पुष्कळ झालेत. आणि आत जाऊन पलंगाखालची बॅग ओढली.